कोऱ्या पाटीचं वाचन

सबंध सोलापुरात पाटीपेन्सिलीला माझ्या आतेबहिणीइतकं भिणारं दुसरं माणूस नसेल. आणि वाचण्यात मात्र शाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं! वाण्याच्या पुडीचा कागद, नाटकाची जाहिरात, गिरणीच्या दारावरची नोटीस, काही म्हणता काही तिच्या तावडीतून सुटत नसे. नोटीस तर ती अशा ठसक्यात वाची की भोवतालची मोठी माणसं चपापून मागं सरत. पण लिहायची वेळ आली की ती पाटी पाठीमागं लपवी. पेन्सिली तर तिनं किती चुलीत घातल्या असतील! मी अडखळत वाचणारी, पण लिहायला सगळ्यांच्या पुढं. त्याचं कारण तिनंच मला सांगितलं, "तुला तुझं लिवलेलं वाचता येत न्हाई, म्हणून भ्या वाटत न्हाई. मला येतंय की! लिवलं की लगीच चुका दिसत्यात."

आम्ही चौथीत असताना शाळा तपासायला दिपोटी आले. "नापास झालीस तर माझ्यासंगं गिरणीत चल," असं आत्यानं तिला बजावलं होतं. दिपोटींनी 'आमचं घर' यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. माझ्या झाल्या, तिची पाटी कोरीच. तेवढ्यात ते तिच्यासमोर उभे राहिले. "वाच."

तिनं पाटी छातीशी धरली आणि वाचू लागली, "आमचं घर गिरणीमागं आहे. भोंगा झाला की आई जाते. संध्याकाळी ती दिसेपर्यंत मी दारात बसते. एखाद्या दिवशी ती आलीच नाही तर, अशी मला भीती वाटते."

दिपोटींनी पाटी उलटी करून पाहिली. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"आत्ता वाचलंस तेच लिही," ते हळूच म्हणाले. "मी बघत नाही." आणि खरंच खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. ती रडत रडत लिहीत होती. तीन ओळी झाल्या, चौथी काही होईना. त्यांनी तेवढ्यावरच तिला पास केलं.

दोन वर्षांनी लग्न होऊन ती मंगळवेढ्याला गेली. तिथून तिचं एकच कार्ड आलं. 'मी बरी आहे' एवढंच होतं. खाली चार ओळी लिहून खोडलेल्या. ते कार्ड उन्हात धरून मी कितीतरी वेळ पाहत बसले.