रोहित पुढे काय करेल?

“पण मॅडम, रोहित पुढे काय करेल?” प्रणालीने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा वर्ग हसला. मलाही ती उगाच ताणतेय असं वाटलं.

रोहित नावाचा मुलगा खरा नव्हताच. मी कल्याणच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्यात ‘विचलन’ नावाचं प्रकरण आहे. विचलन म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं. ते नुसतं पुस्तकातून शिकवलं की मुलं जांभया देतात, म्हणून मी एक बिघडलेला मुलगा रचते आणि सिद्धान्त त्याला लावायला सांगते. यंदाचा रोहित सतरा वर्षांचा. घरची शेती बिल्डरच्या टॉवरखाली गेलेली, अभ्यासात लक्ष नाही, सोसायटीत चोरीचा आळ आलेला.

वर्ग रंगला होता. एकीने ताण सिद्धान्त मांडला: हवं ते डोळ्यांसमोर दिसतं, पण तिथे पोचायची सरळ वाट नसते, मग माणूस वाकडी धरतो. दुसऱ्याने संगतीला दोष दिला. तिसरा लेबलिंगवर आला. लेबलिंग म्हणजे लोकांनी शिक्का मारायचा आणि माणसाने हळूहळू त्या शिक्क्यासारखं व्हायचं. “सिंपल आहे मॅडम,” तो म्हणाला. “सगळे चोर बोलतात ना, मग तो एक दिवस मोठा राडा करणारच.”

लेक्चर संपल्यावर प्रणाली थांबली. तिचा चेहरा उतरला होता.

“मॅडम, माझा भाऊ निखिल असाच आहे. त्याने आज घरातला कोयता बॅगेत टाकलाय.”

तिने सांगितलं ते असं. त्यांच्या भातशेतीवर उभ्या असलेल्या टॉवरमध्ये एक सायकल चोरीला गेली. सिक्युरिटी सुपरवायझरने निखिलला गेटवर सगळ्यांसमोर कानफटवलं. चोरी त्याने केली नव्हती. पण त्या दिवसापासून गावातली पोरंही त्याला चोर म्हणून हाक मारू लागली. दुपारी शिफ्ट बदलताना तो सुपरवायझर बाहेर येतो. निखिल तिथे जाणार होता. आईवडील लग्नाला बाहेरगावी गेले होते. निखिल तिचाही फोन घेत नव्हता.

मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले. सरांनी ऐकून लगेच फोन उचलला.

“पोलिसांना कळवायलाच हवं.”

प्रणाली रडायला लागली. “सर, पोलिसांनी नेलं तर तो कायमचा चोरच होईल.”

ती लेबलिंगच सांगत होती. पण सिद्धान्ताला मान देताना तिकडे माणूस मेला तर? शेवटी ठरलं की सरांनी सोसायटीच्या ऑफिसला आणि पोलिसांना दोघांनाही कळवायचं, सुपरवायझरला आतच बसवून ठेवायचं, आणि आम्ही दोघींनी टॉवरच्या गेटकडे निघायचं.

रिक्षात मला चौथा सिद्धान्त आठवला. सामाजिक बंध. माणूस गुन्हा का करतो यापेक्षा तो का करत नाही, हे विचारणारा. कुणाशी तरी नातं घट्ट असतं, म्हणून बहुतेक माणसं थांबतात.

“निखिल अजून कुणाचं ऐकतो?” मी विचारलं.

“हरीमामा,” ती म्हणाली. “ गावच्या कबड्डीच्या टीमचे कोच. पण निखिल महिनाभर ग्राउंडवर गेलेला नाही.”

तिने मामांना फोन लावला.

आम्ही पोचलो तेव्हा निखिल गेटसमोरच्या कट्ट्यावर बसला होता. बारीक अंगाचा, ओठावर नुकतीच मिसरूड. मांडीवर बॅग, एक हात बॅगेत. प्रणाली पुढे जायला लागली. मी तिचा दंड धरला. तिला सांभाळायला की माझा तोल जाऊ नये म्हणून, मला सांगता येणार नाही. गेट किरकिरलं, तसा निखिल उभा राहिला. बाहेर आली एक कामवाली बाई. तो पुन्हा बसला.

तेवढ्यात मामांची बाईक आली. त्यांनी बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही.

“निखल्या, ग्राउंड आखायचंय. चुना घेऊन पोरं खोळंबलीत. लाइन तुझ्याशिवाय कुणाची सरळ येत नाही.”

निखिल मान खाली घालून बसून राहिला. मामा बाईक चालू ठेवून थांबले. मग निखिलने हात बॅगेतून काढला. रिकामा होता. प्रणालीने जाऊन बॅग उचलली, आणि तो मामांच्या मागे बसला.

पोलीस नंतर आले. मामा निखिलला घेऊन स्वतः चौकीत गेले. पोलिसांनी त्याला समज देऊन सोडलं. मी त्याला ठाण्याला, नौपाड्यात एका समुपदेशकांकडे नेऊ लागले. निम्म्या वेळा तो यायचाच नाही. बारावी मात्र कशीबशी निघाली. सायकल कुणी नेली ते कधीच कळलं नाही, आणि टॉवरमधले काही लोक अजूनही त्याला बघून पार्किंगचं कुलूप तपासतात.

परीक्षेत लेबलिंगवर प्रणालीने फार थोडं लिहिलं होतं: ‘शिक्का बसला म्हणून माणूस पुढे काय करेल हे ठरत नाही,’ एवढंच. मी तिला नियमाप्रमाणे कमी मार्क दिले.