नागपूरची हवा आणि एक हजार आठ

मधुकरराव निमजे यांचा जगात कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याचं माप, पेट्रोलपंपाचा काटा, टीव्हीवरचं हवामान, सगळे त्यांच्या लेखी चोर. बाप उमरेडचा कोष्टी, भिंगातून धागे मोजणारा. स्वतः मधुकररावांनी कोराडीच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्त करण्यात चौतीस वर्षं घालवली. संशयाला औषध नाही म्हणतात. मधुकररावांना ते नकोही होतं.

त्यांची बायको कुसुमावतीबाई. तिला स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, आणि शहरातल्या एका हॉस्पिटलात किरणांचे पंचवीस शेक घ्यायचे ठरले. आता ज्याला वास नाही, चव नाही, जे डोळ्यांना दिसत नाही, असलं औषध! दिलं म्हणतील तर दिलं, कमी दिलं की जास्त, कोण सांगणार? मधुकररावांची झोप उडाली.

तिथं मिनल नावाची तिशीतली फिजिसिस्ट होती. रोज सकाळी पाण्याच्या टाकीत बोराएवढी एक डबी बुडवून मशीन किती किरण सोडतं ते ती मोजायची. तिसऱ्याच दिवशी मधुकररावांनी तिला दारात गाठलं.

"एकच मीटर? आणि तेच खोटं बोललं तं?"

मिनल हसली. "काका, न्यूट्रॉनच्या किरणांनी उपचार करतात ना, तिथं गॅमा किरणही मिसळतात, म्हणून दोन लावतात. एक न्यूट्रॉन आणि गॅमा दोन्ही मोजतं, दुसऱ्याला न्यूट्रॉन फारसे कळतच नाहीत. दोघांच्या फरकावरून हिशोब काढतात. आपल्या मशीनला एक पुरतं."

झालं. दोन मीटर लावणारी ती माणसं मधुकररावांना एकदम आवडली, आणि इथं एकावर कसं भागवतात याचं भाषण त्यांनी रांगेतल्या प्रत्येक पेशंटला दिलं. एक बाई रडायला लागली. कुसुमावतीबाईंनी त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"माह्या गळ्याची शपथ आहे तुमाले. इथं आता कोणाले काही विचारायचं नाही."

बायकोच्या गळ्याची शपथ म्हटल्यावर माणूस काय बोलणार? तेही या दिवसांत. मधुकररावांनी तोंडाला कुलूप लावलं. पण डोळ्यांना कोणी शपथ घातली नव्हती. मशीनच्या खोलीबाहेर फळ्यावर रोजचं तापमान आणि हवेचा दाब लिहिलेला असे, ते आकडे मधुकरराव खिशातल्या डायरीत उतरवून घेत. दाब ९७३, ९७४, ९७२. तेरा दिवसांत एकही खोड काढता आली नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

चौदाव्या दिवशी, सोमवारी, कुसुमावतीबाई आत गेल्यावर त्यांनी फळ्याकडे पाहिलं. दाब १००८.

एक हजार आठ हा आकडा महाराजांच्या नावाआधी शोभतो, नागपूरच्या हवेला नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फूट उंच, तिथं हवा विरळ आणि दाब कमी. कोराडीला त्यांनी रोज बॅरोमीटर वाचला होता, आणि चौतीस वर्षांत तो काटा हजाराला शिवला नव्हता. विचारावं म्हणून ते उठले, आणि गळा आठवून पुन्हा बसले. घरी वांग्याची भाजी त्यांनी ताटात तशीच ठेवली.

मंगळवारी फळ्यावर पुन्हा १००८. कुसुमावतीबाईंचा नंबर पुढचाच होता.

"शपथ सोड वं," मधुकरराव म्हणाले.

"परत सुरू झालं का तुमचं?"

"मस्करी नाही करून राहिलो. सोड."

चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडं अशी परवानगी मागितली नव्हती.

"बरं बापा. सुटली."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. मधुकरराव दारात आडवे उभे राहिले. "ही आत येणार नाही. पहिले मॅडमले बोलवा."

मिनल आली. "काका, आज काय?"

"हा दाब कुठून आणला?"

"शनिवारी आपला बॅरोमीटर बिघडला. दोन दिवस मोबाइलवर बघून लिहितेय."

"मोबाइल समुद्रसपाटीचा करून सांगते, बाई. आपल्या गावात समुद्र आहे का?"

मिनलनं फळ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तिनं मशीन बंद करायला लावलं, जवळच्या कॉलेजातून दुसरा बॅरोमीटर मागवला आणि पुन्हा मोजलं. तासाभरानं ती स्वतः बाकाशी आली.

"त्या डबीत हवा असते, काका. हवा विरळ असली की मोजणी कमी येते, म्हणून दाब बघून ती वाढवून धरावी लागते. मी दाब जास्त धरला, मोजणी पुरेशी वाढवली नाही, त्यामुळे मशीन कमी देतंय असं दिसलं, आणि काल सकाळी मी किरण वाढवले. साडेतीन टक्के."

"म्हणजे काल हिले?"

"शेक जास्त गेला. फार नाही, डॉक्टर पुढच्या शेकांत जुळवून घेतील. पण चूक माझी आहे."

मधुकररावांनी मनात मोठं भाषण तयार ठेवलं होतं. ते सोडून त्यांनी मिनलला बाकावर जागा करून दिली. जन्मभर आपला संशय खरा ठरावा म्हणून त्यांनी जीव टाकला. आज तो खोटा निघाला असता तर हॉस्पिटलभर पेढे वाटले असते.

मिनल गेल्यावर कुसुमावतीबाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुमाले हे कालच कळलं होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

"तुह्या गळ्याची शपथ होती ना."

आतून पुन्हा नाव आलं. फळ्यावर आता ९७३ होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला, आणि त्यांचा हात धरून पुन्हा आपल्या गळ्यावर ठेवला.

"आता रोज विचारायचं," त्या म्हणाल्या. "शपथ आहे."