जिवंत बत्ता

आमच्या गावाला लागूनच तोफांच्या सरावाचं मैदान आहे. तिथून उचलून आणलेलं लोखंड घरोघरी आहे. ते तपासायला काल एक जवान आला. शेजारच्या सखूबाईंची सून ओसरीवर मिरच्या कुटत होती. तिचा बत्ता म्हणजे मैदानातला जुना, लहानसा तोफगोळा. तो पाहून जवान जागीच थिजला. "ताई, हळूच खाली ठेवा. जिवंत आहे तो."

न फुटलेल्या गोळ्याला जिवंत म्हणतात! वीस वर्षं याच कुटण्याच्या आवाजानं मी निवांत जागा होत आलो.

सून पांढरीफटक पडली. सखूबाई सुपारी कातरत होत्या. "आमच्या मालकांनी सांगितलंच होतं, जित्ता असंल म्हून. मी न्हाई बाई कधी हात लावला त्याला."

जवानानं तो गोळा तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत घेतला आणि वाळूच्या पेटीत निजवला. त्या घरात इतक्या हळुवारपणे कुणाला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

जाताना त्यानं विचारलं, "घरात आणखी काही जिवंत आहे का?"

सून आपल्या लाल झालेल्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "न्हाई."