ट्रेबलचं बटण

परवा नातवानं गिटारसाठी पायाशी ठेवायचा इक्वलायझर आणला. डबीवर सात दांड्या. त्यानं शेवटची, ट्रेबलची दांडी वर सरकवली, आवाज किर्र झाला आणि मी थेट साठ वर्षांपूर्वीच्या अकोल्यात जाऊन पडलो.

आमच्या ऑर्केस्ट्रात वसंता इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. बारा वर्षं कापड गिरणीत, कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. पण त्यानं तार छेडली की मोर्णा नदी उलटी वाहायची. मी स्वतः पाहिली आहे! अँप्लिफायरला बटणं दोनच, जाड आवाजाचं बेस आणि बारीक आवाजाचं ट्रेबल, आणि दोन्ही माझ्या ताब्यात.

त्या दुपारी तालमीत तो म्हणाला, "बापू, आवाज गोधडीखालून येऊन राहिला बे. ट्रेबल वाढव."

वाढवलं.

"कावून कंजुषी करून राहिला? अजून दे!"

बटण शेवटाला टेकलं. आवाज इतका चिरका, की पार तिकडच्या हिवरखेड गावची कुत्री रडली असतील. तबलजीनं कान झाकले. वसंता मात्र तारांवर वाकून पुटपुटत होता, "पयले कसं घुंगरावानी वाजे."

गिरणीतल्या जुन्या माणसांचे कान असेच जातात आणि त्याला औषध नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

"मशीनच बिघडली, वसंता," मी म्हणालो.

"मंग नागपूरले दुरुस्तीले धाडू," तो गिटार पुसत म्हणाला.

माझी एकही थाप कधी न मानणाऱ्या वसंतानं ही थाप मान वर न करता मानली. तेव्हा वाटलं, मी त्याला वाचवलं. आता वाटतं, त्याला माझ्याआधीच कळलं होतं.