फाइलीतला नावाडी

माझा धाकटा भाऊ दिवसा तिरुभुवनमला विणकरांकडे रेशमी साड्यांची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायचा आणि संध्याकाळी त्याच कागदावर भुयारं काढायचा. टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टींचं त्याला वेड होतं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासे ठरवतात. आमच्या घरी हा खेळ एकादशीला व्हायचा, कारण त्या दिवशी रांधायचं नाही, दुपार मोकळी. पोटात काही नसलं तरी भांडायला आम्हाला जोर असायचा.

पुढे तो या गोष्टी विकायला लागला, इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या. मला वाटायचं, गोष्ट लिहिली की झालं. कसलं काय! चालवणाऱ्याची फाइल वेगळी, खेळणाऱ्यांची वेगळी. नकाशे दोन, एकात चोरदारं, दुसऱ्यात नुसत्या भिंती. शिवाय नवख्यांसाठी तयार पात्रं, प्रत्येकाचा एक कागद, छापा आणि बसा खेळायला.

"अक्का, लग्नाच्या पंगतीपरी आहे हें," तो म्हणायचा. "कोणास काय वाढायचें, काय नक्को, अस्कें ठाऊक पाहिजे."

त्याची शेवटची गोष्ट नदीत बुडालेल्या देवळाची. तिच्या तयार पात्रांत एक नावाडी होता, कॉफीशिवाय न हलणारा, नको तिथे विनोद करणारा. 'कोणाला भितो?' या रकान्यात लिहिलं होतं, थोरल्या बहिणीला. मी म्हटलं, गाढवा, स्वतःलाच विकायला काढलंस?

गेल्या आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, तो तापानं गेला. साधा ताप वाटला होता.

विक्रीचं मग भावजय बघू लागली. खेळून झालं की लोक विक्रीच्या पानावर लिहितात, आपल्याकडे काय काय घडलं ते. मी वाचायला बसले आणि माझं डोकंच फिरलं. 'नावाडी पहिल्याच खोलीत मेला, मजा आली.' 'नावाडी दगडाखाली चिरडला, त्याची कॉफी आम्ही वाटून घेतली.' त्यांचा काय दोष, ते खेळत होते. पण माझा भाऊ एकदा मेला तेवढं मला पुरे होतं. दर आठवड्याला कोण सोसणार?

भावजयीला म्हटलं, तो कागद काढून टाक.

"नक्को, अक्का," ती म्हणाली. "एका घरीं मेला तर दुसऱ्या घरीं उठून बसतो. तेवढें तरी राहूं द्या."

मी ऐकलं नाही. हट्टाला पेटले की मी कुणाचीच नसते. शेवटी तिनं नावाडी वगळून नवी फाइल चढवली, माझ्याकडे न बघता. मला वाटलं होतं, आता जरा सुटल्यासारखं होईल. उलट घर खायला उठलं.

काही दिवसांनी कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला. 'माझ्या जुन्या फाइलीत नावाडी आहे, मित्राच्या नव्या फाइलीत नाही, चुकून टाकायचा राहिला का?' मी आधी छपाईची, पानांची कारणं लिहिली, मग पुसली. लिहिलं, तो माझा भाऊ होता, वारला. हे वाक्य मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात सांगायची वेळच आली नव्हती, तो गेला तेव्हा सगळे दारातच उभे होते.

उत्तर लगेच आलं. आधी वाईट वाटल्याचं होतं. मग लिहिलं होतं, 'या रविवारी तो आमच्याकडे खेळणार आहे. त्याला काही सांगायचं आहे का?'

मी भावजयीला हाक मारली. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, पदरानं तोंड दाबून धरलं. मग तिनं मला जरा बाजूला सरकवलं आणि लिहिलं, आम्ही दोघी त्याच्यासाठी जेवायच्या थांबलोय म्हणावं.