समुद्राच्या बाजूला नेम

साऱ्या कुलाबा जिल्ह्यात शिट्टी फुंकून पुस्तकं देणारी बाई एकच होती, आणि ती आमच्या वाट्याला आली. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या या बाई. "शांतता राखा" असं म्हटल्याने शांतता भंगते असं त्यांचं मत होतं, म्हणून गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची शिट्टी त्या एकदाच करकचून वाजवायच्या. पहिल्या दिवशी मी अशी दचकले की हातातला जाडजूड शब्दकोश थेट पायावर आला. बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "उडी चांगली मारतेस. संध्याकाळी मैदानावर ये." मुलींच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये माझी निवड झाली ती अशी.

साठच्या आगेमागे अलिबागला मुलींनी असलं काही खेळायचं हे खूळ बाईंशिवाय कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. पुण्याला कसलासा शिकवणीवर्ग झाला होता, तिथून त्या हा खेळ शिकून आल्या होत्या. शिकून म्हणजे निम्मा. उरलेला निम्मा वर्ग त्या तापाने अंथरुणात होत्या, आणि नेमके फाऊलचे नियम त्याच दिवसांत शिकवले गेले. पण अडून बसतील तर त्या बाई कसल्या. त्यांनी स्वतःचे नियम केले. हसणं फाऊल. अंबाडा सुटणं फाऊल. बॉल अंगावर आला म्हणून "अगं आई गं" म्हणणं हा तर सगळ्यांत मोठा फाऊल. पाचवारीचा काचा मारून आम्ही धावायचो आणि बाई नऊवारीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आमच्या मागे धावायच्या. सामन्याआधी प्रत्येकीने पांढरा कांदा कच्चा खायचा असाही एक दंडक होता. कांद्याने दम वाढतो असं त्या सांगत. दमाचं ठाऊक नाही, पण समोरच्या मुली आमच्यापासून हातभर लांब राहायच्या एवढं खरं.

मैदान अगदी किनाऱ्याला लागून. दोन टोकांना दोन खांब आणि दुपार कलली की समुद्रावरून आडवा वारा. त्यात आमचा एकुलता एक बॉल मोच्याकडून इतक्यांदा शिवून आणलेला की त्याच्यात वजन असं उरलंच नव्हतं. रिंगकडे फेकलेला बॉल वाऱ्यावर वाहत गावाच्या दिशेने जायचा. बाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी खांबाला बांधली, चार संध्याकाळी तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मग सांगितलं, "रिंगकडे बघूच नका. समुद्राच्या बाजूला नेम धरा. बॉल समुद्राला द्यायचा, समुद्र तो रिंगला देतो." आणि खरोखरच समुद्र देऊ लागला. आमची कॅप्टन यमुना, रेवदंड्याच्या कोळ्यांची पोर, तिला तर हे शिकवावंच लागलं नाही. मुंबईच्या टीम लाँचने यायच्या, आमच्या मैदानावर सपाटून हरायच्या आणि बॉलला शिव्या देत परत जायच्या.

मुंबईला गेलो की मात्र आमच्या तोंडचं पाणी पळायचं. पहिल्या वर्षी तिथले सगळे सामने हरलो. रेवसच्या लाँचने पोट ढवळतं, त्याचा हा परिणाम, असं बाईंनी निदान केलं. पण कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष आधीच टपून बसले होते. मुली धावतात ते बघायला गावातले रिकामटेकडे कुंपणाशी जमतात, ही त्यांची तक्रार. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "यंदा मुंबईत एक तरी सामना जिंकून दाखवा. नाहीतर ते खांब उपटायचे आणि हा खेळ बंद करायचा." बाई बाहेर आल्या, आम्हाला त्यांनी जसंच्या तसं सांगितलं आणि सराव दुप्पट केला. यमुनाच्या घरी तर खेळ बंद म्हणजे कॉलेजही बंद, असा सरळ हिशेब होता.

नारळी पौर्णिमेनंतर लाँच सुरू झाली. पोट ढवळायला नको म्हणून बाईंनी आम्हाला आदल्या दिवशीच नेऊन गिरगावात आपल्या बहिणीकडे झोपवलं. त्या वर्षी मुंबईत आमचा एकच सामना होता, दुसऱ्या दिवशी, आणि त्याचं मैदान चार मजली इमारतींच्या मधोमध होतं. यमुना मधोमध उभी राहून चहूकडे बघत होती. शेवटी तिने पंचांना विचारलं, "सायेब, समुद्र कंच्या अंगाला हाय?" पंचांनी गंभीरपणे चौपाटीला जायची ट्राम सांगितली. ट्रामचा रोख धरून आम्ही समुद्राची बाजू ठरवली आणि तिकडे नेम धरून खेळायला लागलो. एकही बॉल आत जाईना. एकूणएक त्याच बाजूने, तेवढ्याच अंतराने बाहेर. बघणारे आधी हसले आणि मग त्यांना आमची कीव यायला लागली, ते जास्त लागलं.

मध्यंतर झालं. बाई वर गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या धोतरांकडे बघत होत्या. एकही धोतर हलत नव्हतं. मग त्या खाली बसल्या, आमच्यात, जमिनीवर. "पोरींनो, इथे वारा नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला आपल्या मैदानावरचा खेळ शिकवला."

यमुना म्हणाली, "बाई, हातच तिकडं जातोय. आता कसा वळवायचा?"

"वळवू नकोस. लांबून टाकूच नका. थेट रिंगखाली घुसा आणि तिथून टाका."

मग आम्ही घुसलो. कोपर लागलं, गुडघे फुटले, अंबाडे सुटले, बाईंनी एकही फाऊल धरला नाही. होता होता बरोबरी जवळ आली, फक्त एका बास्केटचा फरक. आणि वेळ संपता संपता बॉल यमुनाच्या हातात आला तो लांबवर. घुसायला वेळच नव्हता. तिने टाकला. तो रिंगच्या कडेला लागला, समुद्राच्या बाजूच्या, आणि बाहेर पडला.

परतीच्या लाँचवर यमुना तोंडाला पदर लावून बसली होती. बाईंनी तिची समजूत घातली नाही, नुसता तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. चारच दिवसांनी मंडळासमोर बोलावणं आलं. कॅप्टन म्हणून यमुना आणि तिच्या सोबतीला मी, दाराशी उभ्या. अध्यक्षांनी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "हरले ती मी. मुलींना मी चुकीचं शिकवलं आणि त्या ते चोख शिकल्या. शिकवणारं माणूस बदला. खांब राहू देत." आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी वाद घालायची पुरी तयारी केली होती, पण घालायला वादच उरला नाही. खांब राहिले.

पेणहून एक तरुण सर आले. त्यांना फाऊलचे सगळे नियम येत होते. बाई पुन्हा मैदानावर फिरकल्या नाहीत, लायब्ररीची मैदानाकडची खिडकीसुद्धा लावून घ्यायच्या. मला त्या खिडकीचा राग यायचा. पुढच्या वर्षी आम्ही मुंबईत जिंकलो आणि ढाल घेऊन आलो. फोटो काढायचं ठरलं, तेव्हा यमुना लायब्ररीत गेली आणि बाईंना म्हणाली, "तुमी न्हाय तर आमी पन न्हाय."

"चावटपणा पुरे," बाई म्हणाल्या. "सर मधे बसतील. मी काय जिंकलेय?" पण आल्या. ऊन कॅमेऱ्यावर येत होतं म्हणून फोटोवाल्याशेजारी छत्री धरून उभ्या राहिल्या. तो बिचारा "इकडे बघा, इकडे बघा" म्हणून थकला.

बाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो आमच्यापैकी कुणाकडे नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तो ढालीचा फोटो तेवढा आहे. मधे सर बसलेत, ते नीट समोर बघताहेत. आमच्यातली एकही मुलगी मात्र कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्याजणी थोड्या बाजूला बघतोय, बाई जिथे उभ्या होत्या तिथे.