पार्किंगमधला नमस्कार

ऐंशीच्या दशकात मिशिगनमध्ये शिकत असताना शनिवारच्या सामन्याची माझी तयारी ठरलेली असे: थर्मासमध्ये चहा, लोणचं लावलेल्या पोळ्या आणि दोन स्वेटर. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचं आणि धावणाऱ्याला पाडायचं; त्याचे नियम मला माझ्या अमेरिकन रूममेटने शिकवले. आमच्या कॉलेजच्या एका जुन्या खेळाडूबद्दलही तोच सांगायचा. मोडलेल्या बरगडीनिशी त्याने अर्धं मैदान धावत कापलं होतं आणि हरलेला सामना जिंकून दिला होता. त्याला एकदा तरी भेटायचंच, असं मी ठरवलं होतं.

एका शनिवारी पार्किंगमध्ये रूममेटने मला कोपराने ढोसलं. "तो बघ, तोच." काठी टेकत एक उंच म्हातारा येत होता. मी पुढे झालो, पण पाठ केलेलं वाक्य आठवेना. मग सरळ वाकून पायांना हात लावला.

"काय पडलं रे?" म्हणत तोही वाकायला लागला.

रूममेट घाईने म्हणाला, "काही नाही, सर. यांच्याकडे मोठ्यांना असा मान देतात."

म्हातारा हसला. "माझ्या पायांवर पुष्कळ जण आले, पण सगळे मला पाडायला. आता मी काय करायचं असतं?"

"डोक्यावर हात ठेवायचा," मी म्हणालो.

त्याने काठी रूममेटकडे दिली आणि हात ठेवला. तो हात उचलेपर्यंत मी मान वर केली नाही.